झेंडापंडित व्हायचंय? या, पाँटूनवर या!

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, सोलंट या सामुद्रधुनीच्या आसपास होडी ठेवणाऱ्याला सगळ्यात स्वस्तात मिळणारी पदवी कुठली, तर झेंडापंडिताची. तिच्यासाठी शीड उभारता यावं लागत नाही, भरती-ओहोटीचं कोष्टक वाचता यावं लागत नाही. होडी पाँटूनवरून, म्हणजे तरंगत्या धक्क्यावरून, हलवायलाच हवी असंही नाही. उलट ती जितकी कमी हलेल तितकं बरं, अभ्यासाला वेळ मिळतो. हातात जिनचा ग्लास, पायात डेक शूज आणि दुसऱ्याच्या डोलकाठीकडे बघत बसायची सवय, एवढं भांडवल पुरे. सोवळ्या-ओवळ्याच्या घरात वाढला असाल तर निम्मा अभ्यास झालेलाच आहे. कशाला काय टेकलं की विटाळ होतो, एवढंच नव्याने पाठ करायचं.

सुरुवात होडीच्या मागच्या टोकापासून करा. ब्रिटिश खासगी होडीच्या मागच्या काठीवर लाल निशाण लागतं. रेड एन्साइन. लाल कापड, काठीकडच्या वरच्या कोपऱ्यात युनियन जॅक. ही नुसती रीत नाही, कायदा आहे: १९९५ चा मर्चंट शिपिंग ॲक्ट. हौसेने नुसता युनियन जॅक मागे लावला तर तो गुन्हा. फुटबॉलच्या मोसमात इंग्लंडचा सेंट जॉर्जचा क्रॉस लावला, वेल्सचा ड्रॅगन लावला, तरी चुकलंच. स्कॉटलंडच्या अभिमानाने निळ्यावर पांढरी फुली लावणाऱ्यांची तर आणखी गंमत. आंतरराष्ट्रीय संकेतांत जवळजवळ तसंच दिसणारं एम अक्षराचं निशाण आहे आणि त्याचा अर्थ 'माझी बोट थांबलेली आहे'. असा गडी सहा नॉट्सनी तुमच्या अंगावर येत असतो आणि आपण थांबलोय असं बजावत असतो. कायद्याप्रमाणे नौदलाचा किंवा लष्कराचा अधिकारी, कस्टम्सचा माणूस, परदेशात ब्रिटिश वकिलातीतला अधिकारी, यांना होडीवर चढून असलं निशाण उतरवून नेता येतं. या यादीत तुम्ही कुठेच नाही. बिघडलं कुठे? आवाज त्यांच्यासारखाच ठेवायचा.

मापावर बोलायला शिका. होडीच्या लांबीच्या दर फुटाला निशाणाचा एक इंच, म्हणजे सव्वीस फुटी होडीला जवळजवळ पाऊण यार्डाचं. टेप खिशात असू द्या.

युद्धनौका दिसली की निशाण अर्धं खाली घ्या, तिने उत्तर दिलं की पुन्हा वर न्या. तेवढा वेळ सुकाणू कोण धरणार, हे विचारू नका.

शर्यत चालू असताना एन्साइन लावत नाहीत. दुसऱ्या कुणाचं दिसलं तर आपली शर्यत सोडून ओरडा.

आता वेळ. ही मात्र कुणीही करण्यासारखी साधना आहे, कारण तिला घड्याळाशिवाय काही लागत नाही. बंदरात निशाण सकाळी आठला चढवायचं, १ नोव्हेंबर ते १४ फेब्रुवारी या काळात नऊला. उतरवायचं सूर्यास्ताला किंवा रात्री नऊला, यातलं जे आधी येईल तेव्हा. जूनमध्ये इथे सूर्य नऊ वाजून गेले तरी मावळत नाही. म्हणजे डोळ्यांत ऊन जात असतं आणि तरीही नियमाप्रमाणे रात्र झालेली असते. झेंडापंडिताला यापेक्षा मोठी पर्वणी नाही. पावणेनऊलाच ग्लास भरून बाहेर येऊन बसा.

आमचे पंडित तसेच बसले होते. मी आणि बायको फ्रान्समधल्या शेरबूरहून इंग्लिश चॅनल ओलांडून येत होतो. दिवसभर वारा नाकावर, शेवटी नदीत शिरलो तर ओहोट ऐन जोरात आणि वारा पाँटूनवरून बाहेर ढकलणारा. ज्यांनी होडी धक्क्याला लावली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. बायको नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाला, दोर घेऊन उभी, मी इंजिनाशी झगडतोय, पहिल्यांदा टोक आत आलं आणि पाण्याने मागचा भाग शेजारच्या होडीकडे नेला. पुन्हा मागे, पुन्हा फेरी. हे सगळं गृहस्थांच्या डोळ्यांसमोर, दहा फुटांवर. त्यांनी फक्त पुढे होऊन दोर घ्यायचा होता. ते उठले. पाँटूनच्या कडेला आले. बायकोने दोर फेकला. तो त्यांच्या पायाशी पडला, त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि एक पाऊल मागे घेतलं. बूट ओले होत होते ना! दोर सळसळत परत पाण्यात. शेवटी बायकोनेच उडी मारली, दोर खुंट्याला घेतला, आम्ही लागलो. आणि मग गृहस्थ अत्यंत शालीन आवाजात म्हणाले, "नऊ वाजून पाच मिनिटं झाली आहेत. आपलं एन्साइन अजून वरच आहे."

बंदरात शिरताना, धक्क्याला लागेपर्यंत, उजेड असेतो निशाण ठेवतात, हे त्यांना ठाऊक असावं अशी अपेक्षा करण्यात अर्थ नव्हता. त्यांची नजर वर गेली होती. उजव्या हाताला, डोलकाठीच्या आडव्या दांडीखाली आमचं पिवळं निशाण होतं. "आणि ते कशाला? होडीवर कुणी आजारी आहे का?"

इथे थोडं थांबा. पिवळं निशाण म्हणजे संकेतांतलं क्यू अक्षर. त्याचा आजचा अर्थ बरोबर उलटा आहे: माझ्या बोटीवर सगळं निरोगी आहे, मला आत यायची परवानगी द्या. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर १ जानेवारी २०२१ पासून फ्रान्सहून परतणाऱ्या प्रत्येक होडीला ब्रिटनच्या हद्दीत, म्हणजे बारा सागरी मैलांच्या आत आल्यावर ते लावावं लागतं. त्याच्याआधी बोटीची माहिती सरकारला कळवायची. कस्टम्सकडून मोकळं झाल्यावर ते उतरायचं. फ्रान्समध्ये असताना त्याच दांडीखाली फ्रान्सचं तिरंगी निशाण, त्याच दोरीवर त्याच्या वर दुसरं काही नाही. निघालो की ते उतरलं. म्हणजे सगळ्या झेंड्यांत ज्या एका झेंड्याकडे आज एखादा अधिकारी खरोखर बघतो, नेमका तोच या पंडितांना ओळखता येत नव्हता. घड्याळ मात्र पाठ.

आता त्यांच्या स्वतःच्या होडीकडे वळू, कारण उमेदवाराने शिकावं असं तिथे पुष्कळ आहे. त्यांच्या मागे लाल नाही, निळं एन्साइन. ठरावीक यॉट क्लबांच्या सभासदांना तसं लावायची खास परवानगी असते. तुम्हीही मिळवा. होडी ब्रिटिश नोंदणीची हवी, परवान्याचा कागद होडीवर हवा, क्लबचं त्रिकोणी निशाण, ती बर्जी, त्याच वेळी वर हवं. आणि मालक होडीवर किंवा जवळपास हवा. मालक घरी गेला की निळं खाली यायला हवं. आता यांचं निळं मी मार्चपासून बघतोय. पावसात आहे, वादळात आहे, गृहस्थ लंडनला असताना आहे, रात्री दोन वाजता आहे. ऊन-पावसाने त्याचा रंग उडून पोछ्याचा रंग आला आहे आणि बाहेरची कड झिरझिरीत होऊन तिच्या चिंध्या लोंबताहेत. बर्जी मी एकदाही पाहिलेली नाही. पण नऊ वाजून पाच मिनिटांनी आमचं लाल मात्र खुपतं! यापेक्षा वरचा एकच टप्पा आहे, पांढऱ्या एन्साइनचा. तो नौदलाचा, आणि खासगी होड्यांत काउज गावच्या रॉयल यॉट स्क्वॉड्रन या क्लबचा, १८२९ पासून. तिथे सभासद करून घेत नाहीत म्हणूनच बहुतेक निळ्यावाले लालवाल्यांशी इतके कडक वागतात, असा आपला माझा अंदाज.

गंमत अशी की लाल हे काही खालच्या जातीचं निशाण नव्हे. ब्रिटिश आरमाराचे पूर्वी तीन विभाग होते, लाल, पांढरा, निळा, आणि मान याच क्रमाने. लाल सगळ्यात वरचा. १८६४ साली ते विभाग मोडले. पांढरं नौदलाला, निळं राखीव दलाला आणि सरकारी बोटींना, लाल व्यापारी जहाजांना आणि तुमच्याआमच्या होड्यांना. निळ्याची ऐट मिरवणाऱ्याने ही तारीख कोपऱ्यात लिहून ठेवावी.

अखेरचा धडा प्रगत विद्यार्थ्यांसाठी. समोरच्याचं नाव आणि रंग जरा वेगळा वाटला, तर नियम अधिक सावकाश समजावा, प्रत्येक शब्द सुटा करून. आधी विचारा, "होडी तुमचीच का?" मग विचारा, "तुमच्याकडे भारतात असलं कुणी पाळत नसेल, नाही?"

विचारलं त्यांनी. मी त्या वेळी दोर गुंडाळत होतो, म्हणून हसून सोडून दिलं. आता सोडत नाही.

पाळतात, साहेब. भारतीय व्यापारी जहाजाच्या मागेही लालच एन्साइन असतं, फक्त कोपऱ्यात तिरंगा. आमच्या नौदलाने २०२२ मध्ये निशाणावरचा सेंट जॉर्जचा क्रॉस काढून तिथे शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आणला. तेही आम्हाला ठाऊक आहे. आणि तुमचं लाल निशाण काय असतं ते तर आम्हाला तुम्ही मुळीच सांगू नका. रत्नागिरीकडच्या खलाशांनी ते पिढ्यान् पिढ्या पाहिलंय, तुमच्या पी अँड ओ या जहाजकंपनीच्या बोटींवर राबताना पाहिलंय. दोन महायुद्धांत त्या निशाणाखाली भारतीय खलाशी हजारोंनी बुडाले. मुंबईत मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये त्यांची नावं नोंदलेली आहेत; समुद्राशिवाय ज्यांना कबर नाही अशांची. ३ सप्टेंबरला या देशात मर्चंट नेव्ही डे असतो, सरकारी इमारतींवर हेच लाल निशाण चढवतात. त्या दिवशी तुम्ही आमच्या पाँटूनवर कधी दिसला नाहीत.

कायद्यात खासगी होडीसाठी आहे ते एवढंच: चुकीचं राष्ट्रीय निशाण लावू नका, परदेशी बंदरात जाता-येता आपलं दाखवा, नौदलाच्या बोटीने खूण केली की दाखवा. छोट्या होडीला ब्रिटिश बंदरात तेवढीही सक्ती नाही. आठ, नऊ, यार्ड, इंच, हे सगळे शिष्टाचार आहेत. आणि शिष्टाचाराच्या बाता तुम्ही मारता? तुमच्या पायाशी एका बाईने फेकलेला दोर पडला आणि तुम्ही बूट सांभाळलेत. तिची उडी जरा आखूड पडली असती तर ती ओहोटीच्या पाण्यात, होडी आणि पाँटूनच्या मध्ये गेली असती. घड्याळ बघत होतात तुम्ही! पुढच्या वेळी कुणीही येऊ दे, कुठल्याही रंगाचं निशाण लावून, मध्यरात्री येऊ दे, आधी ग्लास खाली ठेवा आणि दोर घ्या. खुंट्याला दोन वेढे द्या, ते तरी येतं ना? नसेल येत तर माझ्या बायकोला विचारा, ती शिकवेल. आणि "होडी तुमचीच का" हे पुन्हा विचारायचं असेल, तर पाँटूनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांना विचारा, फक्त आम्हाला नाही.