देवाशी समेट झाला म्हणजे आजार-कर्ज संपतं का? एक खुलासा

नंदुरबार-नवापूरकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ज्याचा देवाशी समेट झाला त्याच्या घरी आजारपण, कर्ज राहत नाही, राहिलं तर त्याचा विश्वासच खोटा. ही ख्रिस्ती शिकवण नाही.

बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा 5वा अध्याय काढून बघा. आपण विश्वासाने नीतिमान ठरलो, म्हणून येशू ख्रिस्ताद्वारे देवाबरोबर शांती आहे, असं पहिलंच वचन सांगतं. आपण देवाचे वैरी असतानाच त्याच्या पुत्राच्या मरणाने हा समेट झाला, असं 10वं वचन म्हणतं. म्हणजे तो आपल्या कमाईवर उभा नाही, तब्येतीवर तर मुळीच नाही. आणि मधेच, 3ऱ्या वचनात, हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल संकटांबद्दल बोलतो. ती टळतील असं नाही, तर त्यांतून धीर येतो असं.

खुद्द पौलाने ‘शरीरातला काटा’, म्हणजे त्याला छळणारा एक त्रास, निघावा म्हणून देवाला तीनदा विनंती केली. काटा राहिला, कृपा पुरेशी आहे एवढंच उत्तर मिळालं. त्याचा समेट झाला नव्हता म्हणायचं का?

मनाची शांती कमी-जास्त होते. पिकाला भाव पडला की झोप उडतेच. त्याने देवाशी जुळलेलं नातं तुटत नाही.

आपल्याकडे सिकलसेलची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) कितीतरी घरं आहेत. दुखण्याने कळवळणाऱ्या पोराच्या आईला ‘तुझाच विश्वास कमी’ म्हणणं क्रूर आहे. प्रार्थना करा, पण डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद करू नका. याकोबाचं पत्रही आजाऱ्याने मंडळीच्या (चर्चच्या) वडीलधाऱ्यांना प्रार्थनेला बोलवावं असंच सांगतं. आजारी माणूस मंडळीतलाच आहे, हे त्यात धरलेलं आहे.