तोरणमाळची गाडी आदल्या रात्री रद्द केली, त्याबद्दल

नमस्कार ताई,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तोरणमाळला निघायच्या आदल्या रात्री आम्ही कॅम्पर व्हॅन रद्द केली, पोरं बॅगा भरून बसली होती, आणि "रिकॉल आलेल्या भंगार गाड्या हे लोक भाड्याने देतात" असं तुम्ही लिहिलंय. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. तिसरीवर मला बोलू द्या.

आधी माझी चूक. गाडी बनवणाऱ्या कंपनीचा रिकॉलचा मेसेज नऊ दिवस आधीच आला होता. इन्शुरन्सवाल्यांच्या मेसेजांच्या गर्दीत मी तो उघडलाच नाही. त्या दिवशी गाडी सर्व्हिसिंगला गेली, काउंटरवरच्या पोराने चेसिस नंबर टाकला, आणि संध्याकाळी सातला मला फोन आला की डॅशबोर्डमागच्या वायरिंगला रिकॉल आहे. मेसेज वेळेत वाचला असता तर तुम्हाला आठवडाभर आधी कळलं असतं. याला सबब नाही.

पण रिकॉल म्हणजे भंगार नव्हे. कारखान्यातच राहिलेला दोष कंपनी कबूल करते आणि फुकट दुरुस्त करून देते. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात त्यासाठी कलम ११०अ आलं, नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले, सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना. दोष कळल्यावरही गाडी तुम्हाला दिली असती, तर तुमचा शब्द न् शब्द मला लागू होता. सातपायरी घाटात मागे पोरं झोपलेली आणि डॅशमधून धूर, एवढी माझी छाती नाही.

आता तुम्हाला माहीत नसलेलं सांगतो. रिकॉलमध्ये कंपनी फक्त तिची स्वतःची वायरिंग बघते. मागचा फ्रिज, पंखे, इन्व्हर्टर हे बॉडीवाल्याचं काम, त्याला ते हात लावत नाहीत. म्हणून गाडी परत आली तशी मी आमच्या वायरमनला बोलावून मागची प्लाय उघडली. सीटखालच्या बॅटरीतून इन्व्हर्टरला जाणारी जाड लाल वायर पत्र्याच्या भोकातून ओढलेली, आणि भोकाला ग्रोमेटच नाही, म्हणजे वायर धारेवर घासू नये म्हणून बसवतात ती रबरी रिंग. आपल्याकडच्या ४५ डिग्रीत प्लास्टिक कडक झालेलं, पत्र्याच्या धारेने ते खाऊन टाकलेलं. नखाएवढं तांबं चमकत होतं.

१२ व्होल्ट म्हणून लोक हलक्यात घेतात. हजार वॉटच्या लोडला ही बॅटरी ऐंशीच्या वर अँपिअर देते. घरच्या लाइनीवर तेवढ्यालाच साडेचारसुद्धा लागत नाहीत. बॅटरीला लागून हवा तो फ्यूज भोकाच्या पार पलीकडे बसवलेला. म्हणजे वायर पत्र्याला टेकली असती तर फ्यूज उडलाच नसता, वायरच पेटली असती. वायरमन म्हणाला, "शेठ, हाई ते फुलझडीच व्हती."

खरं सांगू, रिकॉल आला नसता तर मी ती प्लाय कधी उघडली नसती.

तुमचा अॅडव्हान्स त्याच रात्री परत केला आहे. ऐनवेळी केलेल्या जीपचं जादाचं भाडं माझ्याकडे लागलं. पावती व्हॉट्सअॅपवर टाका. रिव्ह्यू काढा असं म्हणत नाही, राहू द्या. वायरीचा तो तुकडा काउंटरवर ठेवलाय, जळगावात आलात तर बघून जा.