मॅनेजर म्हणजे नाटकात न घेतलेला मुलगा नव्हे

पावसाळा सुरू झाला की पुण्यातल्या कॉलेजांत पुरुषोत्तम करंडकाची, म्हणजे आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेची, गडबड सुरू होते. ऑडिशन होतात, दिग्दर्शक ठरतो, लेखक (बहुतेक वेळा तोच दिग्दर्शक) संहिता वाचून दाखवतो. आणि मग ज्याला रोल मिळाला नाही, पण ज्याचा तालमीच्या हॉलमधून पाय निघत नाही, त्याच्या गळ्यात मॅनेजरकी मारली जाते. माझा आक्षेप या पद्धतीलाच आहे.

वर्गणी, टेम्पो, वडापाव ही कामं आहेतच. लेखकाचं परवानगीपत्र, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (नाटकांच्या सेन्सॉरचं) प्रमाणपत्र, स्पर्धेचा फॉर्म हे कागदही त्यालाच बघावे लागतात. पण ही धावपळ कुणीही चार दिवसांत शिकतो. शिकायला वेळ लागतो तो एका गोष्टीला: कुठला निर्णय कशामुळे अडलाय हे ओळखायला. शेवट ठरत नाही म्हणून ब्लॉकिंग (कोण कुठे उभं राहणार, कुठून कुठे जाणार) ठरत नाही, ब्लॉकिंग नाही म्हणून लेव्हल (स्टेजवरचे चौथरे) कुठे ठेवायच्या ते ठरत नाही, आणि लेव्हलच ठरल्या नाहीत तर लाइट्सवाला काय कप्पाळ डिझाइन करणार? सगळे म्हणतात लाइट्सवाला आळशी आहे.

मध्यंतरी एका टीमच्या तालमीला जाऊन बसायचो. मॅनेजर सेकंड इयरची मुलगी. दिग्दर्शकाला रंगमंचाच्या मधोमध विहीर हवी होती, कठड्यासकट. हिने वर्गातले बाक बाजूला सारून खडूने फरशीवर भरत नाट्य मंदिराच्या, म्हणजे स्पर्धा होते त्या थिएटरच्या, रंगमंचाचं माप आखलं, विहिरीचा गोल काढला आणि विचारलं, "दादा, दुसऱ्या प्रवेशाआधी ही उचलणार कोण? चौघंही तेव्हा स्टेजवर आहेत." दादा वैतागला. "बघू गं नंतर." ही म्हणाली, "नंतर म्हणजे कधी? शनिवारी सुताराला माप द्यायचंय." बरीच चिडचिड झाली, दादा बाहेर जाऊन आला. शेवटी विहीर विंगेत गेली. प्रयोगात दिसला फक्त ताणलेला दोर, आणि ऐकू आला रहाटाचा आवाज. मला तरी ती विहीर जास्त खोल वाटली.

तिची आणखी एक सवय मला फार आवडली. "झालं का?" असं ती कुणालाच विचारायची नाही, कारण त्याचं उत्तर कायम "ऑलमोस्ट" असतं. म्युझिकवाल्याला म्हणायची, "जेवढं झालंय तेवढं आजच्या रनथ्रूला वाजव." मग काय नाही झालेलं ते सगळ्यांनाच कळायचं, ओरडायची गरजच पडायची नाही.

अर्थात ज्युनियरने सिनियरला हे विचारायचं म्हणजे पहिल्याच दिवशी दिग्दर्शकाने सगळ्यांसमोर सांगायला हवं की तारखांच्या बाबतीत हिचा शब्द शेवटचा. ते न सांगता "तू मॅनेजर ना, मग बघ" म्हणणं म्हणजे निव्वळ अंग काढून घेणं. फिरोदिया करंडकासारख्या कॉलेजांच्या स्पर्धेत तर नाच, चित्र, वाद्यं, सगळं एकाच गोष्टीत गुंफायचं असतं. तिथे मॅनेजरही एकट्याने पुरत नाही.

२०२२ साली परीक्षकांनी एकही एकांकिका पात्र नाही म्हणून पुरुषोत्तम करंडक कुणालाच दिला नाही, तेव्हा इथे फेसबुकवर केवढं रान उठलं होतं. लेखन, अभिनय, परीक्षक, सगळ्यांवर लिहून झालं. तालमीचे दिवस कशात गेले, संहितेत शेवटचा बदल कधी झाला, यावर लिहिलेलं माझ्या तरी वाचनात आलं नाही. १९६३ पासून चालत आलेल्या स्पर्धेबद्दल बोलताना एवढं तरी विचारायला हरकत नव्हती.

तर यंदा ऑडिशनलाच विचारा, मॅनेजर व्हायला कुणाला आवडेल. कुणी हात वर केलाच, तर कृपा करून त्याला रोल देऊ नका, छोटासासुद्धा. "एकच वाक्य आहे रे" म्हणून घेतलेला मॅनेजर प्रयोगाच्या दिवशी मेकअप करून विंगेत उभा असतो, आणि बाहेर टेम्पोवाला त्याला फोनवर फोन करत असतो.