झोई मॅक्लॉस्कीला मिळते ती कायद्यानेच

डायन बुसिकोच्या ‘दि ऑक्टरून’ (म्हणजे एक अष्टमांश काळ्या रक्ताची व्यक्ती) या नाटकाची ओळख करून देताना एक ठरावीक परिच्छेद सगळीकडे फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: हे १८५९ सालचं गुलामगिरीविरोधी नाटक. पात्रं ठोकळेबाज, म्हणजे सोशिक नायिका, शूर नायक आणि नखशिखांत दुष्ट खलनायक. खलनायक कागदपत्रांत लबाडी करून नायिकेला गुलाम ठरवतो, कॅमेरा त्याचं बिंग फोडतो, आणि लंडनच्या प्रयोगात अखेर प्रेम जिंकतं. यातल्या प्रत्येक विधानात थोडं थोडं खरं आहे, म्हणूनच ती खोडायला जरा वेळ लागतो.

आधी लबाडीचं पाहू, कारण नाटकाचा सगळा सांगाडा त्यावर उभा आहे. लुइझियानातल्या टेरबोन मळ्याचा दिवंगत मालक जज पेटन हा नायिका झोईचा बाप. आई क्वाड्रून, म्हणजे आजी-आजोबांपैकी एक काळा, आणि गुलाम. मुलाचा दर्जा आईवरून ठरायचा, तेव्हा झोई जन्मतःच गुलाम. जजने तिला मुक्त केल्याचा कागद केला, पण त्या वेळी त्याच्यावर कर्जापायी कोर्टाचा हुकूमनामा झालेला होता. हुकूमनाम्याचा बोजा मालमत्तेवर बसतो आणि गुलाम ही मालमत्ताच. बोजा असलेली जमीन धनको डावलून कुणाला बक्षीस देता येत नाही, तसाच गुलामही मुक्त करता येत नाही. म्हणजे मुक्तीचा कागद पहिल्या दिवसापासून रद्दबातल होता, आणि ही चूक केली कुणी, तर जजने!

खलनायक मॅक्लॉस्की पेटन कुटुंबाचं दप्तर उचकतो, हुकूमनामा आणि मुक्तिपत्र शेजारी शेजारी ठेवून वाचतो आणि आनंदाने उडतो. तिला गुलाम ठरवण्यासाठी त्याला बनावट काहीच करावं लागत नाही. पुढे उघड्या लिलावात, इतरांच्या बोल्यांवर चढ करत, तो २५,००० डॉलरला तिला घेतो.

मग मॅक्लॉस्की पॉल या पोराचा खून करतो तो कशासाठी? लिव्हरपूलच्या मेसन ब्रदर्सकडून पेटन कुटुंबाचं जुनं येणं मिळणार असतं. ते पत्र वेळेवर पोचलं तर कर्ज फिटेल आणि लिलावच होणार नाही. टपालाची थैली घेऊन येणाऱ्या पोरग्या पॉलला मारून मॅक्लॉस्की ते पत्र लांबवतो. म्हणजे गुन्हा फक्त पैसे अडवतो, झोईला गुलाम करत नाही. जहाजाला वादळामुळे उशीर झाला असता आणि पत्र आपोआप रखडलं असतं, तरी झोई लिलावाच्या त्याच टेबलावर चढली असती. सगळं पाप एका माणसाच्या डोक्यावर टाकायची मेलोड्रामाची सवय इथे नाटककाराला पुरती पाळता आलेली नाही. माझ्या मते नाटकातली सगळ्यात पक्की वीण हीच आहे.

याच परिच्छेदाच्या शेपटाला कुणी कुणी जोडतं की ‘एका थेंबाच्या कायद्यामुळे’, म्हणजे काळ्या रक्ताचा एक थेंबही माणसाला काळा ठरवतो या नियमामुळे, झोई गुलाम होती. झोई तिच्यावर प्रेम करणाऱ्या जॉर्जला आपलं गुपित सांगताना आठातल्या एका काळ्या थेंबाबद्दल बोलते खरी, पण तो कायदा नव्हे, तिचं दुःख आहे. एका थेंबाचे कायदे विधिमंडळांनी लिहिले ते विसाव्या शतकात: टेनेसीत १९१० साली, व्हर्जिनियात १९२४ साली. व्हर्जिनियाच्या १७८५ च्या कायद्यात तर मर्यादा चौथ्या हिश्शाची होती. एक अष्टमांश रक्ताची स्वतंत्र बाई तिथे कायद्याने गोरी ठरली असती. लग्नाची आडकाठी वेगळीच. लुइझियानाच्या १८२५ च्या दिवाणी संहितेनुसार गोऱ्या माणसाचं लग्न गुलामाशी होऊ शकत नव्हतं आणि गुलाम नसलेल्या काळ्या किंवा मिश्रवंशी माणसाशीही नाही. त्यामुळे मुक्तिपत्र निर्दोष असतं, तरी झोई आणि जॉर्ज टेरबोनवर नवराबायको म्हणून राहू शकले नसते. दोन कुलपं आहेत आणि ओळखपरिच्छेद एकाच किल्लीची गोष्ट सांगतो.

नायक शूर? जॉर्ज हा जजचा पॅरिसहून आलेला पुतण्या. लांब देशी निघून जाऊ म्हणतो, झोई नकार देते, मग मळा वाचवण्यासाठी श्रीमंत डोराशी लग्न करायलाही तयार होतो, आणि लिलावात मॅक्लॉस्कीवर धावून जातो तेव्हा स्कडर त्याला आवरतो. एवढंच त्याचं शौर्य. नाटक पुढे ढकलतात ते सालेम स्कडर हा यांकी, म्हणजे उत्तरेकडचा, मुकादम, म्हातारा गुलाम पीट आणि मूलनिवासी वाह्नोटी. पहिल्या प्रयोगात कोण काय करत होतं ते पाहिलं तरी हे कळतं. न्यूयॉर्कच्या विंटर गार्डन थिएटरमध्ये बुसिकोने स्वतःसाठी वाह्नोटी ठेवला, बायको अ‍ॅग्नेस रॉबर्ट्सनला झोई दिली आणि स्कडर जोसेफ जेफरसनला. हा जेफरसन तेव्हाचा मोठा विनोदी नट.

कॅमेऱ्याबद्दल तर वाचणारे फारच भाबडे होतात. त्या काळची पद्धत ओल्या कलोडियनची. काचेवर कलोडियन ओतायचं, अंधारात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायचं, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, काही सेकंद प्रकाश द्यायचा, आणि वाळायच्या आत, म्हणजे साधारण दहा मिनिटांत, अंधाऱ्या खोलीत नेऊन आयर्न सल्फेटने चित्र उमटवायचं. मग हायपोने किंवा सायनाइडने ते पक्कं करायचं. वाळली की काच गेली. पक्कं करण्याआधी उजेड लागला तरी गेली. नाटकात पॉल टपालाच्या थैल्यांवर पोज घेऊन बसतो, मॅक्लॉस्की त्याला वाह्नोटीच्याच कुऱ्हाडीने मारतो, आणि पॉल कॅमेऱ्यानेच मेला असं समजून वाह्नोटी कॅमेरा फोडतो. काच तुकड्यांत पडून राहते आणि चौथ्या अंकात पीटच्या हाती लागते. खरं तर तिच्यावर नुसती काळपट धुरी मिळायला हवी. म्हणून बुसिकोने आधीच तजवीज केली आहे: स्कडरने शोधलेल्या नव्या रसायनामुळे चित्र आपोआप उमटतं. हलता हातही काचेवर धूसर डागच ठेवतो. इथे मात्र खुनी तिथेच थांबून थैल्या उचकतो, पत्र वाचतो, तेवढा वेळ कॅमेऱ्याला पुरतो असं समजायचं.

ही युक्ती हवी कशाला होती, हा खरा प्रश्न. लुइझियानात गोऱ्याविरुद्ध गुलामाची साक्ष चालत नव्हती. वाह्नोटी इंडियन, फ्रेंच आणि मेक्सिकन यांची खिचडी बोलतो आणि आरोप त्याच्यावरच असतो. उरतो तो यंत्राचा डोळा. शिवाय काच कोर्टात जातच नाही. मॅग्नोलिया बोटीवर आधी वाह्नोटीला तिथल्या तिथे फाशी द्यायला निघालेल्या जमावाला स्कडर अडवतो, आणि मग तिथेच पंच बसवून मॅक्लॉस्कीचा निवाडा करतो. मॅक्लॉस्की बोट पेटवून पळतो. त्याला गाठून मारतो तो वाह्नोटी.

‘गुलामगिरीविरोधी’ हे लेबल लावताना तारीख विसरू नये. पहिला प्रयोग ६ डिसेंबर १८५९ चा, गुलामगिरीविरुद्ध सशस्त्र उठाव करू पाहणाऱ्या जॉन ब्राऊनला फाशी झाली २ डिसेंबरला. चार दिवसांच्या अंतराने उघड बाजू घेणं धंद्याला परवडणारं नव्हतं. जेफरसनने पुढे आत्मचरित्रात लिहिलं की नाटक बांधिलकी टाळणारं होतं, म्हणजे पात्रं आणि संवाद दक्षिणेबद्दल माया वाटायला लावतात आणि कथानक गुलामगिरीविरुद्ध बोलतं. लिलावाआधीचा पीटचा प्रवेश बघा. म्हाताऱ्या मालकिणीला, जजची विधवा मिसेस पेटनला, जास्त वाईट वाटू नये म्हणून तो विकायच्या गुलामांना नीटनेटकं, हसतमुख उभं राहायला सांगतो. यावर हुंदका येतो, पण तो मालकिणीसाठी येतो की गुलामांसाठी, हे बघणाऱ्यावर सोडलेलं आहे.

राहता राहिलं लंडन. अडेल्फी थिएटरात १८ नोव्हेंबर १८६१ ला नाटक लागलं तेव्हा मूळ शेवट होता: डायडो या म्हातारीकडून मिळवलेलं विष घेऊन झोई मरते आणि मळा वाचल्याची बातमी जराशी उशिरा येते. प्रेक्षक चिडले. बुसिकोने ‘टाइम्स’ला पत्र लिहून आपली बाजू मांडली, पण डिसेंबरात शेवट बदलला आणि जाहिरातीत खवचटपणे छापलं की हा शेवट जनतेने रचला असून लेखकाने फक्त संपादित केला आहे. नव्या शेवटात झोई जगते आणि दोघं दुसऱ्या देशात कायदेशीर लग्न करणार असं सांगितलं जातं. दुसऱ्या अंकात जॉर्जने हेच सुचवलं होतं आणि झोईने मिसेस पेटनसाठी ते नाकारलं होतं. म्हणजे लुइझियानाच्या कायद्याला धक्का नाही, फक्त बोटीची तिकिटं काढली.

आणि दोन्ही शेवटांत लिव्हरपूलचे पैसे आल्यावर टेरबोन पेटन कुटुंबाकडेच राहतं. लिलावात उभी केलेली माणसं कुणीही मुक्त करत नाही. ती यादीतून परत मळ्यावर येतात.