दोन-तीन दिवसांच्या शहरभेटीसाठी हॉटेल: पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत

एखादं शहर बघायला जायचं ठरलं की बहुतेक जण हॉटेलांची यादी 'कमी दर आधी' अशी लावतात आणि वरून खाली वाचत येतात. माझ्या मते सुरुवातच इथे चुकते. आधी जागा, मग शांतता, मग स्वच्छता. या तीन गाळण्यांतून जी हॉटेलं उरतील, त्यांतलं सगळ्यात कमी दराचं घ्यावं.

जागेचा हिशेब साधा आहे. हॉटेल लांबच्या उपनगरात असेल आणि एका बाजूला 45 मिनिटं लागत असतील, तर दिवसाचा दीड तास गेला. तीन दिवसांत साडेचार तास, म्हणजे एक मोठं संग्रहालय निवांत बघून होईल एवढा वेळ. दुपारी खोलीवर येऊन तासभर पाठ टेकणंही लांबच्या हॉटेलात जमत नाही, आणि दिवसभर पायी फिरणाऱ्याला तीच गोष्ट संध्याकाळ मिळवून देते. माणशी जाण्यायेण्याचं भाडं गुणिले दिवस, अधिक रात्री उशीर झाला की लागणारी टॅक्सी, हे सगळं खोलीच्या दरात मिळवून बघा. स्वस्त हॉटेल पुष्कळदा तिथेच महाग ठरतं.

म्हणून ऐन मुख्य चौकातलंच हॉटेल घ्यावं असंही नाही. तिथे दर चढे असतात आणि रात्री गोंगाट. मध्यभागापासून मेट्रोची किंवा ट्रामची दोन-तीन स्टेशनं दूर, स्टेशनपासून पाच ते आठ मिनिटं चालत, जमल्यास दोन मार्ग जिथे मिळतात असं ठिकाण मला सर्वांत फायद्याचं वाटतं. 'केंद्रापासून 2 किमी' या आकड्यावर मात्र विसंबू नका. ते अंतर बहुतेक वेळा सरळ रेषेतलं असतं. मध्ये नदी, रेल्वेचे रूळ किंवा चढ असला तर चालायचं अंतर दीडपट होतं. नकाशावर पायी जाण्याचा रस्ता काढून बघा आणि शेवटची गाडी किती वाजता आहे तेही बघा.

शांततेबद्दल लोक फार कमी विचारतात. एकाच हॉटेलात, एकाच दरात एक खोली गाढ झोपेची असते आणि दुसरी रात्रभर जागवणारी. लिफ्टच्या शेजारची, हाउसकीपिंगच्या खोलीला लागून असलेली, बारच्या वरची किंवा स्वयंपाकघराचा धूर ओढणारा पंखा खिडकीखाली असलेली खोली नको. दोन खोल्यांना जोडणारा आतला दरवाजा असेल तर शेजारचं बोलणं स्पष्ट ऐकू येतं. पोहोचण्याच्या एक-दोन दिवस आधी हॉटेलला दोन ओळींचा मेल टाका: आतल्या अंगणाकडची, लिफ्टपासून लांबची, आतून जोडदरवाजा नसलेली खोली शक्य असेल तर द्या. याला पैसे पडत नाहीत, आणि खोल्या वाटताना अशी नोंद असलेल्या पाहुण्याचा विचार आधी होतो. त्याच मेलमध्ये पोहोचण्याची वेळ कळवा. हॉटेलं थोडी जास्तीची बुकिंग घेतात, कारण काही जण येतच नाहीत. सगळेच आले, तर ज्याला दुसऱ्या हॉटेलात पाठवलं जातं तो सहसा न कळवता रात्री उशिरा आलेला पाहुणा असतो.

परीक्षणं वाचताना सरासरी गुणांवर थांबू नका. नव्यातली नवी आधी लावा आणि गेल्या चार-सहा महिन्यांतलीच वाचा; व्यवस्थापन बदललं की जुनी परीक्षणं निरुपयोगी होतात. दहापैकी सहा-सात गुण देणारे लोक सर्वांत कामाचं लिहितात. एकच तक्रार तीन-चार वेगळ्या लोकांनी केली असेल (गरम पाणी, वास, पातळ भिंती, शेजारचं बांधकाम) तर ती खरी माना. फोटो पाहुण्यांनी काढलेले बघा. खोलीचं क्षेत्रफळही बघा: दोघांना 14 चौरस मीटर पुरतं, 10 मध्ये दोन बॅगा एकाच वेळी उघडता येत नाहीत. 'तिघांची खोली' म्हणजे अनेक ठिकाणी दोघांच्याच खोलीत घडीची खाट. आणि जुन्या इमारतीत लिफ्ट आहे का, हे बुकिंगच्या आधीच विचारावं.

आता दर. रद्द न होणारा दर थोडा कमी असतो, पण मी आधी फुकट रद्द करता येणारी खोली धरून ठेवायच्या बाजूची आहे. मुदत संपायच्या दोन दिवस आधी तोच दर पुन्हा बघायचा. उतरला असेल तर नवी घ्या, जुनी सोडा. मुदत हॉटेलच्या स्थानिक वेळेनुसार मोजतात, हे देश बदलला की हमखास विसरतं. बुकिंग करून देणाऱ्या मध्यस्थ संकेतस्थळावर दर सापडला की हॉटेललाही थेट विचारा. मध्यस्थाला दलाली द्यावी लागत असल्याने थेट येणाऱ्याला हॉटेल कधी तोच दर देतं आणि वर नाश्ता किंवा उशिरा खोली सोडायची सवलत. बदल करायचा झाला तर थेट बुकिंग सोपं पडतं. मध्यस्थाकडून घेतलं असेल तर रिसेप्शन बरेचदा 'त्यांच्याशीच बोला' म्हणतं.

कार्यालयांच्या भागातल्या हॉटेलांचे दर शुक्रवार ते रविवार उतरतात, पर्यटकांच्या भागातल्यांचे तेव्हाच चढतात. आठवड्याच्या शेवटी जाणाऱ्याने या फरकाचा फायदा घ्यावा. एखाद्या तारखेला दर अचानक दुप्पट दिसला तर शहरात व्यापारी प्रदर्शन, मॅरेथॉन किंवा मोठी मैफल आहे असं समजा आणि जमलं तर तारीख सरकवा.

दिसणाऱ्या दराखेरीज काय द्यावं लागेल, तेही आधी बघा. युरोपातल्या अनेक शहरांत पर्यटक कर वेगळा घेतात. पॅरिस, रोममध्ये तो माणशी, दर रात्री आणि हॉटेलच्या दर्जानुसार असतो. ॲमस्टरडॅममध्ये 2024पासून खोलीच्या दराच्या 12.5 टक्के. अनामत म्हणून कार्डावर रक्कम अडकवून ठेवली जाते आणि ती सुटायला काही दिवस लागतात, म्हणून तिथे डेबिटऐवजी क्रेडिट कार्ड द्यावं. परदेशात कार्डाचं यंत्र 'तुमच्या चलनात घेऊ का' असं विचारतं, तेव्हा स्थानिक चलनच निवडा. तुमच्या चलनाचा दर यंत्रवाले ठरवतात आणि तो महाग असतो.

नाश्ता दरात धरायचा की नाही, हे वेळेवर ठरवा. प्रेक्षणीय स्थळी दार उघडताना पोहोचायचं असेल आणि नाश्ता आठला सुरू होत असेल, तर पैसे देऊनही तो घाईत उरकावा लागेल.

खोलीत गेल्यावर सामान लावायच्या आधी दहा मिनिटं द्या, हा माझा आग्रह आहे. बॅगा बाथरूममध्ये ठेवा. चादर उचलून गादीच्या शिवणी आणि पलंगाच्या डोक्याकडची फळी बघा. काळे ठिपके किंवा चपटे, तपकिरी, सुमारे 5 मिमीचे ढेकूण दिसले तर खोली बदला, आणि शेजारची किंवा बरोबर वरखालची घेऊ नका, कारण ते भिंतीतल्या फटींतून पसरतात. गरम पाणी दोन मिनिटं वाहू द्या, फ्लश करून बघा, एसी लावा, दाराची आतली कडी लावा. आगीच्या वेळच्या जिन्यापर्यंत किती दारं आहेत ते मोजून ठेवा. धुरात दिसत नाही, हाताने चाचपडत जावं लागतं. काही बिघडलेलं असेल तर लगेच सांगा. दुपारी रिकाम्या खोल्या असतात, रात्री दहाला बहुधा नसतात.

दाराजवळच्या खाचेतलं किल्लीचं कार्ड काढलं की वीज जाते अशी खोली असेल तर तुम्ही बाहेर असताना चार्जिंगही थांबतं. फ्रिजचा प्लग बहुधा चालू राहतो, त्याच्या शेजारी जागा आहे का बघा.

खोली सहसा दुपारी दोन-तीनला मिळते आणि अकरा-बाराला सोडावी लागते, पण बॅगा त्याआधी आणि नंतरही रिसेप्शनवर ठेवता येतात. सकाळी पोहोचलात तर आधी तिथे जाऊन बॅगा टाका आणि मोकळ्या हाताने फिरायला लागा. चोवीस तास रिसेप्शन नसलेल्या, कोड टाकून आत जायच्या ठिकाणी ही सोय बरेचदा नसते. परतीची गाडी रात्रीची असेल तर तिथे खोली घेण्याआधी बॅगांचं काय करणार ते ठरवा. बिल शेवटच्या सकाळच्या रांगेत न बघता आदल्या रात्री मागून घ्या आणि ओळ न् ओळ तपासा. न वापरलेला मिनीबार किंवा दोनदा लागलेला कर तेव्हा दोन मिनिटांत दुरुस्त होतो.