पार्किंगचं पाणी बोअरमध्ये सोडू नका, आणि ते दोन लाखही विसरा

सध्या पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. ‘केंद्राकडून पुण्याला २५० कोटी. पावसाचे पाणी जिरवणाऱ्या प्रत्येक सोसायटीला २ लाख अनुदान. पुण्याखाली काळा कातळ असल्याने शोषखड्ड्यांचा उपयोग नाही, उलट डास होतात. म्हणून पार्किंगमधील पाणी थेट बंद बोअरमध्ये सोडा, फोटो काढा, खालील लिंकवर फॉर्म भरा. सर्वांनी केले तर एकतानगरीत पुन्हा पूर येणार नाही.’ शेवटी जोडलेले हात, तिरंगा आणि ‘सर्व चेअरमन-सेक्रेटरींना पाठवा’. (एकतानगरी म्हणजे सिंहगड रस्त्यालगतची, नदीकाठची वस्ती.)

माझे मामा सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीचे चेअरमन आहेत. त्यांनी मेसेज नुसता पुढे ढकलला असता तर मी गप्प बसले असते. पण ते प्लंबरशी दर ठरवून मोकळे झाले: पार्किंगच्या जाळीपासून बोअरपर्यंत सहा इंची पाइप. वर मलाच म्हणतात, ‘अगं, सरकारच सांगतंय.’ सरकार कुठे सांगतंय, मामा? कोणीतरी सरकारचं नाव घेऊन सांगतंय.

आधी पैशांचं बघू. २५० कोटी हा आकडा खरा आहे आणि मेसेज पचतो तो त्याच्यामुळेच. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी सात मोठ्या शहरांतला पुराचा धोका कमी करायला २,५०० कोटींची शिफारस केली. मुंबई, चेन्नई, कोलकाता यांना प्रत्येकी ५०० आणि बेंगळुरू, हैदराबाद, अहमदाबाद, पुणे यांना प्रत्येकी २५०. पैसा राष्ट्रीय आपत्ती सौम्यीकरण निधीतला. चेन्नईचा प्रकल्प २०२३ मध्ये मंजूर झाला, आणि जून २०२४ मध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या उच्चस्तरीय समितीने पुण्यासह उरलेल्या सहा शहरांच्या एकूण २,५१४.३६ कोटींच्या प्रस्तावांना मान्यता दिली. मान्यता शहराच्या प्रकल्पाला आहे. प्रस्ताव शहराचा, वाट राज्य सरकारमार्फत, खर्च नाले, ओढे, पावसाळी गटारं, पूर्वसूचना यंत्रणा अशा कामांवर. आणि तो सगळाच काही दिल्लीतून येत नाही, चेन्नईच्या ५६१.२९ कोटींत केंद्राचे ५०० होते, बाकीचे तिकडचेच. सोसायट्यांच्या खात्यात दोन-दोन लाख टाकायची तरतूद यात नाही. साधा भागाकार करा: २५० कोटी दोन-दोन लाखांनी वाटले तर १२,५०० सोसायट्यांतच तिजोरीत खडखडाट, आणि ओढ्याला एक रुपया नाही.

लिंकवरच्या फॉर्ममध्ये सोसायटीचा खाते क्रमांक, चेअरमनचं आधार आणि ‘पडताळणीसाठी’ ओटीपी मागितलाय. यावर मी अधिक काय लिहू?

सोसायटीला जे खरंच मिळू शकतं ते वेगळं आहे. पावसाचं पाणी जिरवण्याची यंत्रणा चालू असेल तर पुणे महापालिका मिळकतकरात ५ टक्के सवलत देते; सोबत सौरऊर्जा किंवा गांडूळखत असेल तर १० टक्के. शिवाय राज्याच्या २०२०च्या एकत्रित बांधकाम नियमावलीनुसार ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर नवं बांधकाम करताना ही यंत्रणा बंधनकारकच आहे. म्हणजे अनेक इमारतींत ती नकाशावर आहे. जमिनीवर आहे का, ते आपापल्या पार्किंगमध्ये जाऊन बघावं.

आता बोअर. खरं तर या एका ओळीसाठीच मी लिहायला बसले.

मामांच्या पार्किंगमधली ती जाळी मला चांगली ठाऊक आहे. रविवारी सकाळी तिच्यात गाड्या धुतलेलं साबणाचं पाणी जातं. जुन्या स्कूटरखाली ऑइलचा रंगीत तवंग पसरलेला असतो, तोही तिकडेच ओघळतो. कबुतरांची घाण, कचऱ्याच्या डब्यांखालचा काळा रस, आणि शेजारचं ड्रेनेजचं चेंबर तुंबलं की त्यातून वर आलेलं सगळं. हे पाणी मातीतून झिरपत खाली गेलं तर वरच्या थरांत निदान काही गाळलं तरी जातं. बोअरला तो चाळणीचा थर नाही. बोअरची वरची भिंत ढासळू नये म्हणून घातलेला केसिंग पाइप साधारण मुरमाच्या थरापर्यंत असतो, त्याखाली उघडं भोक आणि खडकाच्या भेगा. त्या भेगा सोसायटीच्या कंपाउंडशी संपत नाहीत. पलीकडच्या बंगल्याची बोअर, टँकर भरणारी विहीर, सगळ्यांचा त्यांच्याशी संबंध. ‘बंद’ बोअर म्हणजे पंप काढलेली बोअर. खालचं पाणी बंद झालेलं नसतं.

आणि हे सिंहगड रस्त्यावर सांगायची वेळ यावी? जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसची, म्हणजे हातापायांतली ताकद घालवणाऱ्या नसांच्या आजाराची (गियाँ-बारे सिंड्रोम) साथ नांदेडगाव, किरकटवाडी, धायरीच्याच पट्ट्यात पसरली. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि संशयाची सुई दूषित पाण्याकडे गेली. त्या दिवसांत मामा चहाचं पाणीसुद्धा दोनदा उकळत होते. आज तेच गृहस्थ पार्किंगचं पाणी जमिनीच्या पोटात सोडायला निघालेत. शिवाय २५ जुलै २०२४ला एकतानगरीच्या पार्किंगमध्ये नदीचं पाणी शिरलं होतं, ते आठवा. असा पाइप तेव्हा उघडा असता तर तो सगळा मैला थेट भूजलात.

बोअरमध्ये पाणी भरता येतच नाही असं नाही. भरता येतं, पण गच्चीचं. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर सोडून द्यायचं, मग दगड, खडी, वाळूच्या गाळणीतून, जाळी लावून, आणि बोअर कुठल्या थरात आहे हे भूवैज्ञानिकाला दाखवून. ५०० चौरस मीटरच्या गच्चीवर पुण्यात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस धरला तर साडेतीन लाख लिटर पाणी पडतं. दहा हजार लिटरचे ३५ टँकर. निम्मं जरी हाती लागलं तरी भरपूर आहे, मग ती पार्किंगची जाळी कशाला हवी?

कातळाचं म्हणाल तर अर्धं खरं, नाइलाजाने मान्य. बेसॉल्ट, म्हणजे हा काळा कातळ, वाळूसारखा पाणी पीत नाही, आणि कुठेही खड्डा मारला की पाणी जिरतं असं सांगणारे ठेकेदारही काही कमी नाहीत. पण पुण्याखाली एकसंध काळी फरशी अंथरलेली नाही. लाव्हाचे थर एकावर एक आहेत. त्यांत मुरूम आहे, पोकळ्यांचा खडक आहे, सांधे आणि भेगा आहेत. पेठांतल्या वाड्यांच्या विहिरींना पाणी कुठून येत होतं? केंद्राच्या अमृत योजनेतून उथळ भूजलाचा पथदर्शी प्रकल्प दहा शहरांत घेतला गेला, त्यात पुणे आणि ठाणे दोन्ही आहेत. नुसता कातळ असता तर घेतला असता का? जिरायला जागा नसण्याचं मोठं कारण वर आहे: काँक्रीटचे रस्ते, पेव्हर ब्लॉक, झाडाच्या बुंध्यापर्यंत ओतलेलं सिमेंट. याचा बराचसा खर्च महापालिकाच करते, हेही बोललं पाहिजे.

डास? पाणी जिरत असेल तर डास होत नाहीत. साठून राहत असेल तर खड्डा गाळाने भरलाय, तो उपसा. पुढे.

राहिली एकतानगरी. तिथलं पाणी सोसायट्यांच्या गच्चीवरून आलेलं नव्हतं. खडकवासला धरणातून ३५ हजार क्युसेकच्या आसपास विसर्ग सुरू होता आणि वस्ती मुठा नदीच्या काठाला. तिथे हजार शोषखड्डे असते तरी फरक पडला नसता. २५ सप्टेंबर २०१९ची आंबिल ओढ्याच्या पुराची रात्र निराळी. ते कात्रजकडून शहरात उतरलेलं पावसाचंच पाणी होतं. पण सप्टेंबरअखेर जमीन आधीच भरलेली असते, त्यात ओढा भिंतींनी आवळलेला. जिरवण्याचा उपयोग छोट्या आणि मध्यम सरींना होतो, रस्त्यावरचं गुडघाभर पाणी थोडं कमी होतं, उन्हाळ्यात टँकर कमी लागतात. अशा रात्रीसाठी ओढ्याला त्याची रुंदी परत द्यावी लागते, आणि २५० कोटी त्याच जातीच्या कामांसाठी आहेत.

तेव्हा मामा, प्लंबरला नको म्हणून सांगा. चेअरमन म्हणून काही करायचंच असेल तर आपल्या भागातला कोणता ओढा, कोणता कल्व्हर्ट (रस्त्याखालची मोरी) त्या २५० कोटींच्या यादीत आहे ते महापालिकेला विचारा. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात. अर्ज मी लिहून देते, सही तुमची.