‘चर्चमधून मतं ठरतात’ हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

हा मेसेज बरेच दिवस फिरतोय आणि मी तो सोडून देत होतो. पण परवा तो माझ्या धाकट्या बहिणीच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला. ती नाशिकला असते, त्या सोसायटीत ख्रिस्ती घर तिचं एकटीचंच. मेसेजखाली शेजारच्या काकूंनी तिला विचारलं, “काय गं, तुमचे फादर रविवारी सांगतात ना, कोणाला मत द्यायचं ते?” शाळेतून आल्यावर बहिणीची मुलं याच काकूंकडे बसतात. काकूंच्या मनात वाईट काही नाही, हे तिलाही कळतं. तरी तिने मला फोन केला तेव्हा आवाज रडवेला होता. म्हणून हे लिहितोय. काकूंनीही वाचावं.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: धर्मगुरूंनी राजकारणावर बोलायला घटनेनेच मनाई केली आहे. 2018 मध्ये दिल्लीच्या बिशपनी सरकार पडावं म्हणून प्रार्थना आणि उपवास करायला लावले. चर्चमधून कोणाला मत द्यायचं याचा हुकूम निघतो आणि सगळे ख्रिस्ती तो पाळतात. चर्चकडे देशात 7 कोटी हेक्टर जमीन आहे. आणि हा सगळा खेळ परदेशी पैशावर चालतो. शेवटी हात जोडलेले तीन इमोजी.

घटनेची गोष्ट आधी उरकून टाकू. असं कोणतंही कलम नाही. मेक्सिकोच्या घटनेत धर्मगुरूंना निवडणूक लढवायला बंदी आहे, आपल्या घटनेत नाही. फादर असो, पाळक (प्रोटेस्टंट धर्मगुरू) असो, महंत असो की मौलवी, तो आधी नागरिक आहे आणि बोलण्याचं स्वातंत्र्य देणारं कलम 19 त्यालाही लागू आहे. योगी आदित्यनाथ गोरखनाथ मठाचे महंत आहेत आणि मुख्यमंत्रीही आहेत. त्यांच्या राजकारणाबद्दल ज्याला जे म्हणायचं ते म्हणावं, पण महंत म्हणून त्यांना कायद्याने अडवलेलं नाही, आणि ते बरोबरच आहे. खुद्द घटना लिहिणाऱ्यांतही धर्मगुरू होते. मद्रासकडचे जेझुइट (कॅथलिक संघातले) फादर जेरोम डिसोझा घटना समितीचे सदस्य होते. शिलाँगचे खासी पाळक रेव्हरंड जे. जे. एम. निकल्स-रॉय हेही होते. ईशान्येतल्या आदिवासी भागांना स्वायत्त जिल्हा परिषदा देणारी सहावी अनुसूची घटनेत आली, त्यात या पाळकांचा मोठा वाटा आहे. ज्या घटनेचा दाखला हा मेसेज देतो, तिच्यातच एका पाळकाचं काम आहे.

आता दिल्लीचं पत्र. ते खरं आहे. 8 मे 2018 रोजी आर्चबिशप अनिल कुटो यांनी आपल्या धर्मप्रांतातल्या फादरांना ते पाठवलं. देशात अशांत राजकीय वातावरण आहे, त्यापासून घटनेतल्या लोकशाही तत्त्वांना आणि धर्मनिरपेक्षतेला धोका आहे, असं त्यात म्हटलं होतं. 13 मेपासून, म्हणजे फातिमा मातेच्या दिवसापासून, देशासाठी प्रार्थना सुरू करावी आणि शुक्रवारी निदान एका वेळचं जेवण सोडावं, असं आवाहन होतं. पत्रात कोणत्याही पक्षाचं नाव नव्हतं. सरकार पडू दे, असंही कुठे नव्हतं. 2019 मध्ये नवीन सरकार येईल असा उल्लेख होता आणि तेवढेच शब्द उचलून टीव्हीवर आठवडाभर गोंधळ घातला गेला. सार्वत्रिक निवडणुकीनंतर, तोच पक्ष जिंकला तरी, शपथविधी नव्या सरकारचाच होतो.

एक मात्र मान्य करतो. ‘अशांत राजकीय वातावरण’ ही नुसती प्रार्थना नाही, ती टीका आहे, आणि ती कोणावर आहे हे वाचणाऱ्याला समजत होतं. आमच्यातले काही जण “ते पत्र निव्वळ आध्यात्मिक होतं” असं सांगत सुटले, ते मला पटलं नाही. टीका केली तर ती टीका आहे असं म्हणावं. पण टीका करणं आणि सरकार पाडण्याचा कट करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना ही काही 2018 ची टूम नाही. बायबलमध्ये पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातच राजांसाठी आणि सर्व अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करा असं सांगितलंय. तेव्हाचे राजे म्हणजे रोमन सम्राट, ख्रिस्ती नव्हेतच. आजही मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, प्रवचन आणि श्रद्धांगीकार (श्रद्धेची सामूहिक कबुली) झाला की विश्वासूंच्या प्रार्थना होतात. आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीत, त्या बहुतेक वेळा कॉलेजातली एखादी मुलगी वाचते. चार घड्या घातलेला कागद उलगडते, माइक आपल्या उंचीला खाली ओढते आणि वाचते: चर्चसाठी, देशाच्या पुढाऱ्यांसाठी, आजाऱ्यांसाठी, पाऊस लांबला असेल तर पावसासाठी. प्रत्येक ओळीनंतर सगळे म्हणतात, “हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक.” पुढाऱ्यांची ओळ वगळून ही प्रार्थना सहसा होत नाही, सरकार कोणाचंही असो. मे 2019 मध्ये तोच पक्ष आधीपेक्षा जास्त जागा घेऊन परत आला आणि ही प्रार्थना त्याच पंतप्रधानांसाठी होत राहिली.

पण सगळ्यात वाईट मुद्दा हुकमाचा आहे, आणि माझ्या बहिणीला लागला तोही हाच. चर्चमधून हुकूम निघतो आणि आपण तो पाळतो, याचा अर्थ आपल्याला स्वतःची अक्कल नाही. बँकेत अधिकारी असलेली, घरातल्या कोणाचं न ऐकता नवरा निवडलेली बाई मत मात्र फादर सांगतील तिथे देते, असं त्या ग्रुपवर म्हटलं गेलं.

यावर कायदा काय म्हणतो ते नीट वाचा, कारण तो कोणत्याही एका धर्माचा नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951, कलम 123, पोटकलम 2. अमक्याला मत दिलं किंवा नाही दिलं तर देवाचा कोप होईल, धर्मातून शिक्षा होईल, अशी भीती उमेदवाराने किंवा त्याच्या संमतीने कोणी मतदाराला घातली, तर तो भ्रष्ट आचार ठरतो आणि निवडून आलेल्याची निवडणूक रद्द होऊ शकते. तशी झालीही आहे. तेव्हाच्या पंजाबात सिरसा मतदारसंघात ‘नामधारी’ नावाच्या शीख पंथाच्या गुरूंनी एका उमेदवारासाठी हुकूम काढला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, राम दियाल विरुद्ध संत लाल, निकाल 1959 चा. न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. धर्मगुरूला उमेदवारांच्या गुणदोषांवर मत मांडायचा, इतकंच काय पण एखाद्यासाठी प्रचार करायचाही हक्क आहे. मात्र त्याच्या शब्दांनी अनुयायांपुढे निवडीला जागाच उरत नसेल, तर तो प्रभावाचा गैरवापर आहे. हुकूम दुसऱ्या प्रकारात बसला आणि ती निवडणूक रद्द ठरली. निकाल साठ वर्षांहून जुना आहे, आणि मत मांडणं कुठे संपतं व हुकूम कुठे सुरू होतो ते त्यात स्पष्ट आहे. मेसेज लिहिणाऱ्याने नेमका हाच फरक पुसून टाकलाय.

कॅथलिक फादरांना तर चर्चचा स्वतःचा कायदा याहून कडक आहे. 1983 च्या धर्मसंहितेत 285 वा नियम आहे: शासनसत्ता राबवावी लागेल असं सार्वजनिक पद धर्मगुरूने घ्यायचं नाही. 287 वा नियम राजकीय पक्षातल्या सक्रिय सहभागावर, अपवादाची परिस्थिती सोडली तर, बंदी घालतो. ‘फादरांना आमदार व्हायचंय’ अशी भीती ज्यांना वाटते त्यांनी हे नियम वाचावेत. प्रोटेस्टंट पाळकांना ही बंदी नाही, निकल्स-रॉय राजकारणात होते ते त्यामुळेच.

आणि हुकूम पाळला जातो म्हणता, तर आमच्या वसईकडे बघा. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याइतकं वजन असलेला धर्मगुरू मराठी ख्रिस्ती समाजात गेल्या पन्नास वर्षांत झाला नसेल. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस इथली बागायती जमीन बांधकामासाठी मोकळी होऊ लागली. टँकर विहिरींना तोंड लावून पाणी उपसायला लागले, केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या सुकायला लागल्या. तेव्हा हरित वसई संरक्षण समितीच्या आंदोलनात फादर पुढे उभे राहिले. ते राजकारण होतंच. जमीन आणि पाण्याबद्दल सरकारला जाब विचारणं म्हणजे राजकारणच. मोर्च्यात हिंदू शेतकरीही होते, कारण विहीर खारी होताना मालकाचा धर्म विचारत नाही. ‘सुवार्ता’ मासिकातून फादर वर्षानुवर्षं लिहीत होते, सगळी वसई त्यांचा शब्द मानायची. आणि निवडणुकीत काय झालं? ज्या राजकारणाविरुद्ध फादर उभे होते, त्यातले हितेंद्र ठाकूर 1990 पासून 2009 पर्यंत वसईचे आमदार राहिले. फादरांना मानणाऱ्या कितीतरी घरांतून त्यांना मतं गेली, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. लोकांनी फादरांचं ऐकलं, त्यांच्या मोर्च्यात चालले, आणि मत स्वतःच्या हिशेबाने दिलं. याच दिब्रिटोंना पुढे 93 व्या मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्ष केलं तेव्हा ‘फादर कशाला हवा’ म्हणून धमक्यांचे फोन आले होते. पाठीच्या दुखण्याने बेजार असूनही जानेवारी 2020 मध्ये ते उस्मानाबादला गेले, आणि शेतकऱ्यांबद्दल, पर्यावरणाबद्दल, असहिष्णुतेबद्दल बोलले. फादरांनी बोलायचंच नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी ते भाषण वाचावं आणि त्यातली कोणती ओळ देशाच्या विरोधात आहे ते दाखवावं.

सगळे धर्मगुरू असे नसतात, हेही लिहितो. नागालँडमध्ये 2018 च्या विधानसभा निवडणुकीआधी तिथल्या बॅप्टिस्ट चर्च परिषदेने मतदारांपुढे त्रिशूळ की क्रूस अशी निवड ठेवली. ते चूक होतं. त्याच परिषदेने मतं विकू नका म्हणून ‘स्वच्छ निवडणूक’ मोहीम चालवली, त्या चांगल्या कामावरही याचा डाग पडला. आणि आपल्याकडेही निवडणूक आली की उमेदवाराला व्यासपीठावर बोलवून, डोक्यावर हात ठेवून, कॅमेऱ्याकडे बघत प्रार्थना करणारे पास्टर आहेत. मला ते आवडत नाही. त्या प्रार्थनेतला देव कमी आणि फ्लेक्सवरचा फोटो जास्त महत्त्वाचा असतो. पण असे चार पास्टर दाखवून माझ्या बहिणीच्या मतावर शंका घेता येत नाही.

जमिनीचा आकडा तर साधा गुणाकार-भागाकार न करता पुढे ढकललाय. 7 कोटी हेक्टर म्हणजे किती? अख्ख्या महाराष्ट्राचं क्षेत्रफळ सुमारे 3 कोटी 8 लाख हेक्टर आहे. म्हणजे चर्चकडे दोन महाराष्ट्र आणि वर उरेल इतकी जमीन! भारताचं एकूण क्षेत्रफळ 33 कोटी हेक्टरांच्या आत. देशातलं सगळं वनाच्छादन साधारण 7 कोटी हेक्टर. देशाचा पाचवा हिस्सा चर्चचा असता तर तो सातबाऱ्यावर, नकाशावर, कुठेतरी दिसला असता. चर्चकडे जमिनी आहेत, काही मोक्याच्या आणि महागाच्याही, आणि त्यांच्या व्यवहारांवरून आमच्यातच भांडणं आहेत. महाराष्ट्रात चर्चचे ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले असतात, मंदिरांच्या ट्रस्टसारखेच. ज्याला हिशेब हवा त्याने तिथे जाऊन मागावा, माझा पाठिंबा आहे.

परदेशी पैशाबद्दल दोनच वाक्यं. विदेशी योगदान नियमन कायदा 2010, कलम 3, उमेदवारांना, राजकीय पक्षांना आणि राजकीय स्वरूपाच्या संघटनांना परदेशी देणगी घ्यायला बंदी करतं. कोणी ती मोडली असेल तर गृह मंत्रालय परवाना रद्द करतं, आणि ते तसं करायला कचरत नाही हे सगळ्यांनी पाहिलंय.

काकू, तुमच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे. आमचे फादर निवडणुकीच्या रविवारी “मतदानाला जा, पैसे घेऊ नका” एवढं सांगतात. उद्या कुठल्या चर्चमध्ये, मठात किंवा मशिदीत ‘अमक्याला मत दे नाहीतर देव शिक्षा करील’ असं कोणी म्हणताना ऐकलंत, तर निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल अ‍ॅपवर फोटो किंवा व्हिडिओसकट तक्रार करा. नोव्हेंबर 2017 मध्ये गांधीनगरच्या आर्चबिशपांना गुजरातच्या निवडणुकीआधी काढलेल्या त्यांच्या पत्राबद्दल निवडणूक यंत्रणेने नोटीस काढली होती आणि त्यांना खुलासा द्यावा लागला होता. तक्रार माझ्या धर्मग्रामातल्या फादरांविरुद्ध असली तरी करा.